नारुटो अल्टिमेट निंजा स्टॉर्म : कोणता भाग घ्यावा आणि कोणता सोडावा

डेक्कनजवळच्या हाँगकाँग लेनमध्ये कानातली आणि मोबाईलची कव्हरे यांच्या शेजारी आता पानाचे चिन्ह असलेल्या निंजांच्या कपाळपट्ट्याही टांगलेल्या दिसतात, यावरून 'नारुटो' या जपानी ॲनिमेचा (ॲनिमेशन मालिकेचा) पुण्यातील प्रेक्षक किती वाढला आहे याचा अंदाज यावा. 'सोनी ये' वाहिनीने 2022 मध्ये ही मालिका हिंदीत दाखवायला सुरुवात केली आणि इंग्रजी सबटायटल वाचत ती पाहणाऱ्या महाविद्यालयीन तरुणांच्या जोडीला शाळकरी मुलेही आली. त्यांच्यामागोमाग पालकांपुढे एक प्रश्न उभा राहिला : या ॲनिमेवर मारामारीचे गेम बरेच आहेत, सगळ्यांची नावे जवळपास सारखी आहेत, मग त्यांपैकी घ्यायचा कोणता? प्रस्तुत परीक्षण त्यांतील 'अल्टिमेट निंजा स्टॉर्म' या मालिकेपुरते मर्यादित आहे. माझे मत आरंभीच सांगतो. लढाईचा खेळ म्हणून ही मालिका मध्यम आहे, कथेचे सादरीकरण म्हणून मात्र तिला तोड नाही. ज्या भागांत निर्मात्यांनी आपले हे बळ ओळखले ते भाग उत्तम उतरले आणि ज्यांत त्यांना त्याचा विसर पडला ते फसले.

मासाशी किशिमोतो यांची मूळ चित्रकथा 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात 1999 ते 2014 या काळात प्रसिद्ध झाली आणि 72 खंडांत पूर्ण झाली. तिच्यावरचे हे गेम फुकुओका येथील सायबरकनेक्ट टू ही कंपनी तयार करते आणि बंदाई नामको ते प्रकाशित करते. प्लेस्टेशन 2 च्या काळात याच मंडळींनी 'अल्टिमेट निंजा' या नावाने काही भाग केले होते, परंतु त्यांतील योद्धे पडद्यावर मुख्यतः डावीकडून उजवीकडेच फिरू शकत. 2008 मध्ये प्लेस्टेशन 3 वर 'स्टॉर्म'चा पहिला भाग आला आणि त्याने योद्ध्यांना चहूबाजूंनी मोकळे मैदान दिले. हाताने रंगवलेल्या ॲनिमेसारखे दिसणारे त्रिमितीय चित्रण हे त्याचे खरे वैशिष्ट्य होते. आज इतक्या वर्षांनंतरही तो भाग जुनाट वाटत नाही, कारण वास्तवाची नक्कल करण्याचा मोह त्यात टाळलेला आहे. त्याच काळात वास्तवदर्शी म्हणून गाजलेल्या अनेक गेममधील चेहरे आज मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात.

खेळण्याची पद्धत सोपी आहे, आणि हा गुण आहे की दोष हे आपण कोणाबरोबर खेळतो यावर अवलंबून असते. मारण्यासाठी एकच बटण आहे. ते दाबत राहिले आणि कंट्रोलरवरची स्टिक वरखाली केली की कॉम्बोची, म्हणजे सलग वारांच्या मालिकेची, दिशा बदलते. एक बटण उडीचे, एक शुरिकेन (धारदार चकत्या) फेकण्याचे आणि एक चक्राचे, म्हणजे निंजाच्या आंतरिक शक्तीचे. चक्राचे बटण दाबून मग माराचे बटण दाबले की त्या पात्राचे खास जुत्सू (निंजा-विद्या) निघते, उडीचे दाबले की पात्र शत्रूवर झेपावते, आणि चक्राचे दोनदा दाबून मार दिला तर 'अल्टिमेट जुत्सू' सुरू होते. नारुटोसाठी हे शिकले की ससुके, गारा, रॉक ली अशा इतर पात्रांसाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. टेकन या लढाईच्या गेममध्ये एकेका पात्राच्या चालींची यादी पाठ करण्यात महिने घालवलेल्या खेळाडूला हे पोरकट वाटेल. मात्र सुट्टीत घरी आलेल्या आतेभावाच्या हाती कंट्रोलर दिल्यावर तो थोड्याच वेळात बरोबरीने लढू लागतो, ही सोय टेकन देत नाही.

या सोपेपणाच्या आड एकच खरी कसोटी दडलेली आहे, ती म्हणजे 'सबस्टिट्यूशन'. मार बसण्याच्या नेमक्या क्षणी ठरलेले बटण दाबले तर आपल्या जागी लाकडाचा ओंडका राहतो आणि आपण शत्रूच्या मागे प्रकट होतो. 2012 च्या 'जनरेशन्स' या भागापासून त्यासाठी चार घरांची स्वतंत्र पट्टी देण्यात आली; प्रत्येक वेळी एक घर रिकामे होते आणि ते सावकाश भरते. या एका बदलाने खेळाचा स्वभाव पालटला. पूर्वी दोन सराईत खेळाडू एकमेकांच्या मागे अखंड प्रकट होत राहत; आता शत्रूच्या पट्टीत किती घरे उरली आहेत यावर डोळा ठेवून, त्याला साध्या माराने ती खर्च करायला लावायची आणि पट्टी रिकामी झाल्यावरच मोठे जुत्सू वापरायचे, असा हिशेब करावा लागतो. नवखा खेळाडू चारही घरे पहिल्या अर्ध्या मिनिटात उधळून बसतो. अनुभवी खेळाडू थोडा मार खाऊन घेतो, पण एक घर राखून ठेवतो. डावपेच म्हणावेत ते मुख्यतः एवढेच, परंतु दोन समान ताकदीचे खेळाडू समोरासमोर असतील तर एवढ्यानेही रंगत येते.

अल्टिमेट जुत्सूबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण मालिकेचे गुण आणि दोष दोन्ही त्यात एकवटलेले आहेत. हे जुत्सू लागू पडले की लढाई थांबते आणि पडद्यावर एक छोटा चित्रपटच सुरू होतो : कॅमेरा आकाशात जातो, पर्वत फुटतात, रासेनगान (चक्राचा गोळा) फिरते आणि शत्रू क्षितिजापर्यंत उडतो. संगीत नाटकात पदासाठी कथानक थांबते आणि रसिकांची त्याला हरकत नसते, तसेच हे आहे; फरक इतकाच की इथे 'वन्स मोअर' कोणी मागितला नाही तरी तो दर लढाईत मिळतो. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. तेच जुत्सू एका संध्याकाळी वारंवार पाहिल्यावर हरणारा खेळाडू सरळ मोबाईल हातात घेतो.

कथा खेळताना मात्र हीच नाट्यमयता पुरेपूर सार्थकी लागते. पहिल्या भागात गामाबुंता या महाकाय बेडकावर स्वार होऊन शुकाकू या राक्षसाशी लढण्याचा प्रसंग होता, तेव्हाच या कंपनीला प्रमाणाची भव्यता कळते हे दिसले होते. 2010 च्या दुसऱ्या भागात 'शिप्पुदेन'च्या, म्हणजे ॲनिमेच्या उत्तरार्धाच्या, आरंभापासून पेन या खलनायकाने नारुटोचे कोनोहा गाव उद्ध्वस्त करेपर्यंतची कथा आहे, आणि नारुटोचे गुरू जिराया व पेन, ससुके व त्याचा भाऊ इताची यांच्या लढती इतक्या तब्येतीने सादर केल्या आहेत की ॲनिमे पाहिलेल्या माणसालाही त्या नव्याने पाहाव्याशा वाटतात. 2013 चा तिसरा भाग नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याने गावावर केलेल्या हल्ल्याने उघडतो; मालिकेतील सर्वांत जोरकस आरंभ हाच. पुढे त्या भागात सैनिकांच्या झुंडींना झोडपत जाण्याचे प्रसंग भरीला घातले आहेत, ते कंटाळवाणे आहेत आणि त्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. 2014 चा 'रिव्होल्यूशन' किशिमोतो यांनी स्वतः रेखाटलेल्या यंत्र-नारुटोसाठी लक्षात राहतो. त्यात सलग कथा नसल्यामुळे तो विकत घेण्याचे कारण मला सापडत नाही.

फेब्रुवारी 2016 मध्ये आलेला चौथा भाग हा या मालिकेचा कळस आहे. हाशिरामा आणि मदारा या जुन्या पिढीतील योद्ध्यांच्या युद्धाने तो सुरू होतो आणि अंताच्या दरीत नारुटो व त्याचा मित्र-प्रतिस्पर्धी ससुके यांच्या अखेरच्या द्वंद्वाने त्याची मुख्य कथा संपते. यातील एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ॲनिमेमध्ये हे द्वंद्व त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दाखवले गेले. म्हणजे चित्रकथेच्या वाचकांनी कागदावर पाहिलेली ती लढाई हलत्या चित्रांत आधी गेमने उभी केली आणि दूरचित्रवाणीने नंतर. गेम बनवणाऱ्यांसमोर नक्कल करायला तयार नमुना नव्हता, आणि म्हणूनच कदाचित त्या प्रसंगातील लय त्यांची स्वतःची वाटते. दोघांची ताकद संपत जाते तशा हालचाली जड होतात, भव्य जुत्सू मागे पडतात आणि शेवटी दोन थकलेली माणसे केवळ ठोसे मारत राहतात. बटणे दाबणाऱ्यालाही तो थकवा जाणवतो, हे कौशल्य मोठे आहे.

लढतींच्या दृष्टीनेही हाच भाग सर्वांत भरलेला आहे. सोबतचे दोन साथीदार पूर्वी हाक मारल्यावर येऊन एक वार करून जात. चौथ्या भागात लढाईच्या मध्यात त्यांच्यापैकी कोणालाही आपण नायक करू शकतो, त्यामुळे एकाने सुरू केलेला कॉम्बो दुसऱ्याने पुढे नेता येतो. भिंतीवरून धावत लढण्याची पहिल्या भागातील गंमत परत आली आहे, आणि आगीच्या जुत्सूने कपडे पेटतात हा तपशील मुलांना विशेष आवडतो. पात्रे शंभराहून अधिक आहेत. फेब्रुवारी 2017 मध्ये आलेल्या 'रोड टू बोरुटो' या जोडभागात नारुटोचा मुलगा बोरुटो याच्या पिढीची छोटी कथा आहे. ती मूळ कथेइतकी सकस नसली तरी चौथा भाग घेताना तिच्यासहच घ्यावा.

नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या 'कनेक्शन्स' या ताज्या भागाबद्दल मी तितका उदार होऊ शकत नाही. त्यात 130 हून अधिक निंजा आहेत, प्रत्येकाला एकाऐवजी दोन जुत्सू निवडून देता येतात, आणि नवख्यांसाठी आपोआप कॉम्बो लावणारी सोपी नियंत्रण-पद्धतही आहे. परंतु नारुटो आणि ससुके यांचा जुना इतिहास सांगताना पूर्वीच्या भागांतील जिवंत प्रसंगांच्या जागी बहुतेक ठिकाणी स्थिर चित्रे आणि निवेदन आले आहे. मालिकेचे बळ ज्यात होते तेच पातळ केल्यावर उरते ती पात्रांची लांबलचक यादी. बोरुटोची नवी कथा एका आभासी गेमभोवती फिरते. ती मुलांना चालेल, पेनची लढाई पाहून आलेल्या प्रौढांना ती पोकळ वाटेल. ज्यांना कथेत रस नाही आणि केवळ ओटसुत्सुकी या बलाढ्य घराण्यातील अधिकाधिक पात्रे घेऊन मित्रांशी लढायचे आहे, त्यांनीच तो घ्यावा.

दोघांनी घरी खेळताना पडदा दुभागला जात नाही. कॅमेरा दोघांसाठी एकच असतो आणि मैदान मोठे असल्यामुळे दूर गेलेला योद्धा मुंगीएवढा दिसतो. वाड्यातल्या लहान खोलीतील बेताच्या टीव्हीवर याचा त्रास अधिक होतो. ऑनलाइन लढतींवर मात्र फार भिस्त ठेवू नये, कारण खेळाची सगळी कसोटी नेमक्या क्षणी बटण दाबण्यावर आहे आणि प्रतिस्पर्धी दुसऱ्या खंडात असेल तर तो क्षणच निसटतो. आवाज जपानी किंवा इंग्रजी असे दोनच पर्याय आहेत. हिंदी ॲनिमे पाहून आलेल्या लहान मुलांचा त्यामुळे थोडा हिरमोड होतो आणि संवाद वाचून दाखवण्याचे काम घरातल्या ताईदादांकडे येते. अमेरिकेतील मानकानुसार चौथा भाग तेरा वर्षांपुढील मुलांसाठी आहे. रक्तपात बेताचा आहे, मात्र निंजांच्या रूपबदलाच्या काही थट्टा अशा आहेत की त्या पडद्यावर आल्या की आजीसमोर बसलेले पालक अवघडतील.

पुण्यात जुन्या डिस्कचा बाजार अजून टिकून आहे आणि चौथा भाग तिथे सहसा मिळतो. घेताना वेष्टनावर 'रोड टू बोरुटो' हे शब्द छापलेले आहेत का ते पाहावे. नुसत्या 'स्टॉर्म 4' च्या डिस्कमध्ये तो जोडभाग नसतो आणि नंतर वेगळा घेताना जुन्या डिस्कवर वाचवलेले पैसे तिकडे जातात. डिस्क घालण्याची जागा नसलेला प्लेस्टेशन 5 ज्यांच्या घरी आहे त्यांना, वेगळा डिस्क ड्राइव्ह जोडता येत नसेल तर, अर्थात ऑनलाइन दुकानाशिवाय मार्ग नाही. संगणकावर खेळणाऱ्यांनी स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सवलतींची वाट पाहावी, कारण त्या काळात पहिल्या तीन भागांचा 2017 चा संच मूळ किमतीच्या बराच खाली येतो, आणि तो डाउनलोड करायला लावताना दुसऱ्या दिवशी गुरुवार नाही एवढे पाहावे. देखभालीसाठी दिवसभर वीज गेली की सगळे अर्धवट राहते. पहिला भाग 2024 मध्ये मोबाईलवरही आला आहे. पण काचेवर अंगठे घासत सबस्टिट्यूशनची वेळ साधणे कठीण जाते, म्हणून मोबाईलवर खेळायचेच असेल तर ब्लूटूथ कंट्रोलर जोडून खेळावे. ज्यांनी ॲनिमे अजिबात पाहिलेले नाही त्यांनी चौथ्या भागापासून सुरुवात करू नये : त्यातील कथा युद्धाच्या मध्यात उघडते, कोण कोणाचा भाऊ आणि कोण मेलेला असून परत आला आहे हे कोणीही थांबून सांगत नाही. अशा खेळाडूंनी त्या तीन भागांच्या संचातील पहिला आणि दुसरा भाग आधी संपवावा, तिसऱ्याचा आरंभ आणि मोठ्या लढती खेळाव्यात, झुंडींचे प्रसंग सोप्या पातळीवर उरकावेत आणि मग चौथ्याकडे वळावे.