माती नाला बांध की शेततळे: पर्यटनासाठी पाणी अडवण्यापूर्वी

सह्याद्रीच्या कुशीत दहा-वीस एकर जमीन घेऊन कृषी पर्यटन केंद्र काढणाऱ्याला आज ना उद्या एक प्रश्न पडतोच. पाहुण्यांना पाण्याकाठी बसायला, मुलांना होडीत फिरायला जागा हवी, तर ते पाणी साठवायचे कसे? जमिनीतून वाहणाऱ्या नाल्यावर मातीचा बांध घालता येतो, सपाट तुकड्यात शेततळे खोदता येते, किंवा एखाद्या जुन्या पाझर तलावालगतचीच, म्हणजे पाणी जमिनीत मुरावे म्हणून मातीचा बांध घालून केलेल्या तलावालगतची, जमीन निवडता येते. खर्च, देखणेपणा आणि पाण्याचे प्रमाण यांवर या तिन्हींची तुलना बहुतेक जण करतात. अडवलेले पाणी खालच्या वस्तीच्या जमिनीपेक्षा किती उंचावर उभे राहणार, आणि जुलैच्या रात्री त्याच्यावर लक्ष ठेवायला कोण जाणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते निवड याच दोन गोष्टींवर व्हायला हवी.

बांधाचे आकर्षण उघड आहे. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा साधली, तर थोड्या भरावात मोठा साठा मिळतो, काठ नैसर्गिक राहतो, पक्षी येतात आणि पाहणाऱ्याला तलाव तिथे पूर्वीपासून असल्यासारखा वाटतो. पण ‘थोडा भराव’ म्हणजे नेमका किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. सहा मीटर उंच बांधाचा माथा तीन मीटर रुंद, पाण्याकडचा उतार अडीचास एक (दर मीटर उंचीला अडीच मीटर आडवे अंतर) आणि कोरड्या बाजूचा दोनास एक धरला, तर पायथ्याशी त्याची रुंदी तीस मीटर भरते. त्यात मधला गाभा चिकण मातीचा, बाहेरचे आवरण मुरमाचे, खाली खडकापर्यंत किंवा अभेद्य थरापर्यंत नेलेला खंदक, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचे आवरण, आणि कोरड्या पायथ्याशी झिरपणारे पाणी सुखरूप बाहेर काढणारा दगडी निचरा, एवढे सगळे लागते. माती वीतभर थरांत, योग्य ओलीवर, रोलरने दाबत चढवावी लागते. जेसीबीने ओढून वर ढीग केलेल्या मातीला बांध म्हणता येत नाही, मग ती दिसायला कितीही भक्कम दिसो. लहान मातीच्या धरणांच्या आराखड्यासाठी आयएस १२१६९ हे भारतीय मानक उपलब्ध आहे, आणि ज्या ठेकेदाराने त्याचे नावही ऐकलेले नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

लहान धरण म्हणजे लहान धोका, या समजुतीला अमेरिकेतील केली बार्न्स धरणाचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. जॉर्जिया राज्यातील टोकोआ गावाजवळचे हे धरण जेमतेम बारा मीटर उंच होते. वीजनिर्मितीसाठी बांधलेले, वेळोवेळी उंची वाढवलेले हे धरण १९५७ नंतर वीजकेंद्र बंद पडल्यावर केवळ विहाराचा तलाव म्हणून उरले. कोरड्या बाजूचा उतार फार उभा होता आणि त्यावर झाडे वाढली होती. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, पावसाच्या झडीनंतर, ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या परिसरातील ३९ जणांचा जीव गेला. ज्या धरणाचा कोणाला आर्थिक उपयोग उरत नाही, त्याची देखभालही कोणाच्या कामाच्या यादीत राहत नाही, आणि विहाराच्या धरणाचा खरा दुबळेपणा मला इथे दिसतो.

मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो काही तासांत कापला जातो, म्हणून त्याचे आयुष्य सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाजूने सुखरूप बाहेर काढणाऱ्या वाटेवर, अवलंबून असते. समजा, आपल्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथला पाऊस नाल्यात उतरतो ती जमीन, पन्नास हेक्टर आहे आणि तासाला शंभर मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळतो आहे. घाटमाथ्यावर हे अशक्य कोटीतले नाही. त्यातला साठ टक्के पाऊस जरी वाहून आला, तरी नाल्यातून सेकंदाला आठ घनमीटरहून अधिक, म्हणजे आठ हजार लिटरच्या वर पाणी येते. एवढे पाणी पाऊण मीटर खोलीने बाहेर काढायला सांडवा सुमारे आठ मीटर रुंद लागतो, आणि त्या पाण्याच्या वरही बांधाचा माथा पुरेसा उंच शिल्लक राहावा लागतो. बांधात पुरून ठेवलेला दोन फुटी सिमेंटचा पाइप दाखवून ‘जादा पाणी यातून जाईल’ असे जो सांगतो, त्याने हा हिशेब केलेला नसतो. शिवाय पर्यटनाच्या तलावात सांडव्याचा गळा आवळण्याचे मोह जास्त असतात. पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरण एका श्रीमंत क्लबने मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतले, बग्ग्यांना ये-जा करता यावी म्हणून माथा काही फूट खाली घेतला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. तळाचे निचऱ्याचे पाइप आधीच्या मालकाने भंगारात काढले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी पुरात वाहून आलेला कचरा जाळ्यांत अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे दगावली. आपल्याकडे रोहू-कटला सोडलेल्या तलावांच्या सांडव्यांवर मच्छरदाणीचे जाळे ताणलेले दिसते, तेव्हा हे आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरा शत्रू आतून काम करतो. प्रत्येक मातीचा बांध थोडा झिरपतोच आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, पण झिरपणारे पाणी मातीचे कण घेऊन बाहेर पडू लागले की आत पोकळ नळी तयार होत जाते. म्हणून पावसाळ्यात कोरड्या बाजूच्या पायथ्याने चालत जावे, जिथे पाणी पाझरते तिथे ते काचेच्या बाटलीत धरावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी नितळ राहिले तर त्याचे प्रमाण लिहून ठेवावे, तळाशी गाळ बसला तर त्याच दिवशी तलाव उतरवायला घ्यावा आणि खाली निरोप धाडावा. त्यासाठी तळाशी झडपेचा विमोचक, म्हणजे तलावातले पाणी हवे तेव्हा बाहेर सोडणारा मार्ग, असावा लागतो, जो हौशी बांधात हटकून नसतो. उतारावर आंबा, गुलमोहर किंवा निलगिरी लावू नये, कारण झाड मेल्यावर कुजलेली मुळे पाण्याला आयती वाट करून देतात. हरळी पुरेशी असते, आणि ती कापलेली असली तरच तडे व बिळे दिसतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले होते. त्यावर राज्यभर हसू झाले. खेकडे माती पोखरतात हे खोटे नाही, पण धरणाला गळती असल्याच्या गावकऱ्यांच्या तक्रारी आधीपासून होत्या आणि खेकड्याचे बीळ बुजवणे हे देखभालीचेच काम आहे.

कायद्याची बाजूही पाहावी. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटी पूर्ण करणाऱ्या दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. सहा मीटरचा खासगी बांध त्याच्या कक्षेत येत नाही, म्हणजे त्याची पावसाळ्याआधीची आणि नंतरची पाहणी या कायद्याने कोणी करणार नाही, ती मालकालाच करावी किंवा पैसे मोजून करवून घ्यावी लागेल. नाला बहुधा सरकारी असतो, तेव्हा सातबारा आपला आहे म्हणून तो परवानगीशिवाय अडवता येत नाही.

शेततळ्याचे गणित याच्या अगदी उलटे आहे. तीस बाय तीस मीटरचे, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचे तळे सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटर पाणी धरते. संपूर्ण खोदून केलेल्या तळ्यात पाणी जमिनीच्या खाली असते, त्यामुळे फुटून वाहण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र निघालेली माती चहूबाजूंनी रचून पाणीपातळी जमिनीच्या वर नेली, तर तेवढ्या उंचीपुरता तो पुन्हा मातीचा बांधच झाला. तळे पंपाने किंवा पाटाने भरता येते, म्हणून पूर त्यात शिरतच नाही. दिसायला ते चौकोनी आणि रुक्ष वाटते, हे मान्य केले पाहिजे. त्याचा धोका वेगळा, आणि पर्यटनस्थळी जास्त जवळचा आहे. प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरले की उतार साबणासारखा निसरडा होतो, आणि पोहता येणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. राज्यात शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कुंपण आणि कुलूपबंद फाटक, चारही उतारांवर गाठी मारलेले दोर, तरंगत्या ट्यूब आणि पाहुण्यांसाठी एका बाजूला पायऱ्यांचा घाट, एवढे केल्याशिवाय असे तळे लोकांना खुले करू नये.

जुन्या पाझर तलावाकाठची जमीन घेणाऱ्याला बांधण्याचा खर्च नाही, पण त्या तलावावर त्याचा अधिकारही नाही. जागा जुलैत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा पाहावी. भर उन्हाळ्यात बांधाच्या पायथ्याशी एखादाच हिरवागार, ओला पट्टा दिसला, तर कारण विचारावे. सांडव्यात कोणी भात लावलेला किंवा गोठा बांधलेला असेल, तर ती जमीन सोडून द्यावी. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की मृद व जलसंधारण विभागाकडे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, हे कागदावर मिळाले पाहिजे.

परिसराची आखणी तिन्ही पर्यायांत महत्त्वाची असली, तरी बांधाच्या बाबतीत ती निर्णायक ठरते. राहण्याच्या खोल्या बांधाच्या खाली, नाल्याच्या पात्रालगत कधीही नसाव्यात, आणि सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या घराकडे वळू नये. वरच्या बाजूचाही विचार हवा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. धरणाला काहीच झाले नव्हते, वर जंगलात पडलेल्या पावसाने ओढ्याला अचानक लोंढा आला होता. ज्या नाल्यावर आपला तलाव आहे, त्या नाल्यात पावसाळ्यात पाहुण्यांना उतरू द्यायचे नाही, हा नियम बांध कितीही मजबूत असला तरी राहतोच.

नाल्याच्या खाली दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात घर, शाळा किंवा वाडी असेल, तर मी माती नाला बांध सुचवणार नाही, आराखडा उत्तम असला तरीही. तिथे शेततळे करावे. पाण्याला वाहते रूपच हवे असेल, तर तळाशी चांगला खडक असलेल्या जागी दोन मीटरच्या आतला सिमेंट नाला बांध पाहावा, कारण त्याच्यावरून पूर गेला तरी नीट बांधलेली भिंत उभी राहते. पाहुणे मुख्यतः दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच येत असतील, तर पाऊस ओसरल्यावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून घातलेला वनराई बंधाराही कमरेएवढे पाणी सहज देतो, आणि पुढचा पूर त्याला कोणाचे नुकसान न करता घेऊन जातो. खाली वस्ती नाही, पाणलोट लहान आहे, कड्याच्या खडकात सांडवा कापता येतो आणि चार महिने जागेवर राहणारा जबाबदार माणूस पगारावर ठेवायची तयारी आहे, असे सगळे जुळून आले, तरच मातीचा बांध घालावा. त्या माणसाचा पगार मात्र बांधाच्या अंदाजपत्रकातच, पहिल्या वर्षापासून धरावा.