वाळवंटी काचपेटीत जिवंत झाडं: बियर्डेड ड्रॅगनची पेटी आणि लेपर्ड गेकोची पेटी

नर्सरीत जाण्याआधी पेटीत कोण राहणार ते पाहा. बियर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला सरडा. दीड-दोन फूट लांब, वजन ३०० ते ५०० ग्रॅम, आणि मोठा झाला की बहुतेक जेवण पाल्याचं. लेपर्ड गेको हा पालीच्या जातीचा, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, रखरखीत भागातला. वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम, आणि खातो फक्त किडे. म्हणून ड्रॅगनच्या पेटीतलं झाड त्याच्या पोटात जाणार असं धरूनच निवडायचं. गेकोला झाड हवं असतं ते आडोशासाठी.

कोणतं झाड कुणाला

ड्रॅगनसाठी आमची पहिली पसंती पोर्चुलॅकेरिया आफ्रा. त्याने ओरबाडलं तरी चालतं, छाटलेल्या फांद्यांना नवी पालवी फुटते. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत हे झाड सर्रास ‘जेड’ म्हणून विकतात, पण खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा वेगळं. पानं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची आणि कोवळी देठं तांबूस असतील तर ते पोर्चुलॅकेरिया. क्रॅसुलाची पानं त्याच्या दुप्पट-तिप्पट मोठी.

फड्या निवडुंगाचं बिनकाट्याचं वाणही ड्रॅगनला खायला चालतं. मात्र ‘बिनकाट्याचं’ या शब्दावर विसंबू नका. निवडुंगाच्या डोळ्यांवर, म्हणजे काटे फुटतात त्या ठिपक्यांवर, बारीक कुसळं राहतातच आणि ती ड्रॅगनच्या जिभेत, पापणीत रुततात. निवडुंगाचा प्रत्येक डोळा ज्योतीवर फिरवून कुसळं जाळा, मगच आत ठेवा. इचेव्हेरिया विषारी नाही, पण ड्रॅगन अंगावरून गेला की पानं मोडतात आणि प्रकाश थोडा कमी पडला तरी झाड लांबुळकं होतं.

गेकोला हावोर्थिया आणि गॅस्टेरिया उत्तम. दोन्ही मुळात सावलीत वाढणारी, त्यामुळे पेटीतल्या मंद उजेडातही टिकतात. स्नेक प्लांट गेकोकडे चालतं, ड्रॅगनकडे नको, कारण त्यातल्या सॅपोनिनमुळे पोट बिघडतं. कोरफडीचंही तेच, तिचा पिवळा चीक रेचक असतो.

चीक गाळणारे शेर-युफोर्बियाचे प्रकार, अडेनियम, पानफुटी-कलांचो आणि मनी प्लांट दोन्ही पेट्यांतून बाद. गेको पानं खात नसला तरी खाद्य म्हणून आणलेले आणि पेटीत मोकळे सुटलेले क्रिकेट (रातकिडे) ती कुरतडतात, आणि गेको त्या क्रिकेटना खातो.

कुंडीत की थेट थरात

ड्रॅगनसाठी कुंडी. चार बाय दोन फुटांच्या पेटीत १५ सेंटिमीटर थर म्हणजे जवळपास १०८ लिटर माती, कोरडी असतानाच दीडशे किलोच्या आसपास. तेवढं वजन पेलणारं टेबल सहसा घरात नसतं. शिवाय ड्रॅगन उकरतो, अंडी घालायला आलेली मादी तर तळ गाठते, आणि त्याची विष्ठा इतकी मोठी की मातीतले आयसोपॉड (विष्ठा आणि कुजकं खाणारे बारीक कवचधारी जीव) ती संपवू शकत नाहीत. त्यापेक्षा १०-१२ सेंटिमीटरच्या, तळाला भोक असलेल्या मातीच्या कुंड्या ठेवा आणि कुंडीच्या तोंडाशी ड्रॅगनच्या डोक्यापेक्षा मोठे चपटे दगड लावा. छोटे खडे तो गिळतो.

एकाच झाडाच्या दोन कुंड्या ठेवा: एक पेटीत, दुसरी उन्हाच्या खिडकीत. दर पंधरा दिवसांनी अदलाबदल केली की खाल्लेलं झाड सावरतं. ड्रॅगनच्या पेटीत झाडं टिकतात ती मुख्यतः याच सवयीमुळे.

गेकोसाठी थेट लागवड करून बघण्यासारखी आहे. तळाला ४ सेंटिमीटर ‘लेका’, म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके गोळे, वर जाळी, त्यावर सहा भाग खत न घातलेली माती आणि चार भाग धुतलेली वाळू, असं १० सेंटिमीटर. पर्लाइट, व्हर्मिक्युलाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते हलके खनिज कण) नको, किड्यासोबत पोटात जातं. मोठे दगड थेट काचेच्या तळावर टेकवा. मातीवर ठेवलेला दगड गेकोने खालून उकरला की त्याच्याच अंगावर येतो. कोरडेपणा सोसणारे आयसोपॉड आणि ओल्या कोपऱ्यात स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे अगदी बारीक जीव) सोडले की गेकोच्या विष्ठेची सफाई बऱ्यापैकी होते. अपवाद मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्याचा. बाहेरची हवाच इतकी दमट असते की थर वाळत नाही, मुळं कुजतात आणि मातीवर बारीक माश्या घोंगावतात. तिथे गेकोलाही कुंडीच बरी, म्हणजे ओली झालेली कुंडी उचलून बाहेर काढता येते.

उजेड, उष्णता, पाणी

झाडं मरतात ती बहुधा उजेडाअभावी किंवा जास्त पाण्याने. यूव्हीबी नळी (सरड्यासाठी लावतात तो अतिनील किरणांचा दिवा) डोळ्यांना लख्ख वाटते, पण झाडाला ती पुरत नाही. झाडांच्या २०-३० सेंटिमीटर वर ६५०० केल्व्हिनची (दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाची) एलईडी पट्टी रोज १२ तास हवी. गेकोला भगभगीत उजेड आवडत नाही, म्हणून पट्टीखाली कॉर्कच्या सालीचा अंधारा आडोसा द्या.

ऊन शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग ड्रॅगनकडे ४०-४२ अंश, गेकोकडे ३२-३४ अंश सेल्सियस असतो. ड्रॅगनच्या दिव्याखाली पानं भाजतात, म्हणून झाडं थंड बाजूला, दिव्यापासून किमान ४० सेंटिमीटर दूर. पाणी लांब नळीच्या बाटलीने बुंध्याशी, ३० ते ४० मिलिलिटर, दहा-बारा दिवसांतून एकदा आणि सकाळी. फवारा मारू नका. आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांवर राहायला हवी. गेकोला कात टाकायला ओलावा लागतो, तो वेगळ्या बंद खोपीत ओलं मॉस ठेवून द्या.

नवीन झाड थेट आत टाकू नका. नर्सरीची माती मुळांपासून पूर्ण धुवा, साध्या मातीत लावा आणि ड्रॅगनसाठी किमान दोन महिने बाहेर ठेवा. आंतरप्रवाही कीटकनाशक पानांच्या आत मुरलेलं असतं, ते पाण्याने धुऊन जात नाही. तोवर पेटी रिकामी वाटत असेल तर प्लास्टिकची झाडं ठेवा. फक्त ड्रॅगन त्यांचे तुकडे तोडून गिळत नाही ना, यावर लक्ष असू द्या.