बाहेरचा रंग: वळवाआधी की दिवाळीनंतर?

बेळगावात घर बाहेरून रंगवायचे दोन हंगाम. एक एप्रिल-मे, मृगाच्या आधी. दुसरा दिवाळी उरकल्यावर, साधारण संक्रांतीपर्यंत. दसरा-दिवाळीच्या मधले दिवस मी धरतच नाही. परतीच्या पावसाचा नेम नसतो आणि पेंटर तेव्हा सगळ्यांनाच हवे असतात. रंग कुठल्या कंपनीचा, किती लिटर, वॉरंटी किती वर्षांची, हे दुकानदार सांगेलच. मी दोन्ही हंगामांत काम करून घेतलं आहे: टिळकवाडीतलं राहतं घर मे महिन्यात, येळ्ळूरचं वडिलांचं घर दिवाळीनंतर. ॲक्रिलिक इमल्शन एकाच दर्जाचं, पेंटर तोच, शेडही त्याच, खाली विटकरी आणि वर बदामी. त्यामुळे जो फरक दिसला तो बहुतेक हंगामाचाच असावा.

हंगामाने एवढा फरक का पडावा, हे रंग वाळतो कसा त्यावर आहे. इमल्शनमध्ये ॲक्रिलिक, म्हणजे रंगाला भिंतीवर धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं द्रव्य, पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे कण पाण्यात तरंगत असतात. एकेक कण साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉनचा. ते डब्यातच एकमेकांना चिकटू नयेत म्हणून साबणाच्या जातीची द्रव्यं घातलेली असतात, त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. रंग भिंतीवर गेला की पाणी उडायला लागतं, कण जवळ येतात आणि खेटून बसतात. मग मधल्या फटींतलं पाणी निघताना कण एकमेकांवर दाबले जातात, त्यांचा गोल आकार मोडतो, बाजू सपाट होतात, फटी बुजतात. आपण हात लावून ‘वाळला’ म्हणतो ते इथवर आल्यावर. पण या पातळ थराला, म्हणजे फिल्मला, ताकद येते ती यानंतर. एका कणातल्या ॲक्रिलिकच्या लांब साखळ्या हळूहळू शेजारच्या कणात शिरतात आणि दोघांमधली सीमा पुसली जाते. याला काही दिवस लागतात, कधी आठवडेही. तोवर फिल्म दिसायला अखंड असते, आतले सांधे मात्र कच्चे असतात.

आता मे महिना. त्याची बाजू आधी मांडतो, कारण ती लहान नाही. भिंत वर्षभरात सर्वांत कोरडी तेव्हाच असते. दिवस मोठा, पोरांना सुट्टी, घरात माणसं. खरवडणं, पुट्टी, प्रायमर भराभर उरकतं. नुसती भिंतीची तयारी बघायची तर मे केव्हाही सरस.

अडचण वरच्या हातांची, म्हणजे प्रायमरवर चढणाऱ्या रंगाच्या थरांची. दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेववत नाही आणि वरून पश्चिमेचं वारं सुटतं. पाणी इतक्या घाईने उडतं की कणांना नीट रचून बसायला वेळच मिळत नाही. वरचे कण आधी गर्दी करून साय धरतात आणि खाली ओल अडकते. ओल्या रंगाची कड सर्वांत आधी वाळते. पेंटर परांचीवरून खाली उतरून पुढचा पट्टा घेईपर्यंत आधीची कड सुकलेली असते. मग तिथे रोलरचे दोन थर पडतात आणि जोड कायमचा दिसतो. ‘वारं लागलंय, रोलर ओढतोय,’ असं आमचा पेंटर म्हणाला की मी समजून जायचो. त्याने सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला काम धरलं, रंगात पाणी सांगितलेल्या प्रमाणातच घातलं, तरी तिन्हीसांजेच्या तिरप्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर जोड दिसतातच. तेही मी चालवून घेतलं असतं.

जे चाललं नाही ते ओघळ. मे महिन्यातला आपल्याकडचा वळीव तुम्हाला माहीत आहे. दुपारी चारपर्यंत कडक ऊन, मग आभाळ काळं धरतं आणि अर्ध्या तासात गारांसकट कोसळतो. विटकरी रंगाचा दुसरा हात सकाळी झाला होता, हाताला पूर्ण वाळला होता. संध्याकाळी पाऊस आला. दुसऱ्या दिवशी बघतो तर छज्जाच्या कडेखालून बोटभर रुंदीचे ओघळ उतरलेले, कडेला पांढरट, मधे तपकिरी झाक, तिरपं बघितलं की चकाकणारे. बोट फिरवलं तर बुळबुळीत लागायचं. रंग गेला नव्हता, तो जागच्या जागी होता. कणांमधल्या फटींत राहिलेली ती साबणासारखी द्रव्यं पावसाच्या पाण्याबरोबर वर आली आणि पाणी जिथून वाहिलं तिथे सुकली होती. फिल्म पुरी जुळलेली असती तर ती एवढी सहज बाहेर पडली नसती. बदामी भिंतीवर हेच झालं असेल, पण डोळ्यांना दिसलं नाही. गडद शेडमध्ये टिंटर, म्हणजे छटा आणणारं रंगद्रव्य, जास्त घालावा लागतो, त्याच्याबरोबर असली द्रव्यंही जास्त जातात, आणि गडद रंगावर खूण लपत नाही.

साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसलं की ओघळ निघतात. पुन्हा वळीव आला की पुन्हा उमटतात. नंतर मृगाच्या पावसाने बरेचसे धुऊन नेले, पण छज्जाखाली, जिथे पाऊस थेट पोहोचत नाही आणि फक्त ठिबकतं, तिथल्या खुणा राहून गेल्या. त्या भिंतीसमोर उभं राहिलं की आजही माझं लक्ष आधी तिथेच जातं. एवढा खर्च करून काढलेल्या रंगाचं असं होऊ नये असं मनापासून वाटतं, आणि माझा कौल इथेच ठरला.

दिवाळीनंतरचं काम निर्दोष असतं असं नाही. पावसाळ्यात भिंतीने पाणी प्यालेलं असतं. जांभ्याची किंवा जुन्या विटेची भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून ओली असते, आणि तिच्यावर फिल्म चढवली की फुगे येतात, लोणा लागतो. शेतात वापसा आल्याशिवाय आपण कुरी घालत नाही, तसा भिंतीलाही वापसा येऊ द्यावा लागतो. येळ्ळूरला आम्ही हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर भिंतीवर चिकटवला. सकाळी आतल्या बाजूला दव धरलेलं दिसलं. मग उत्तरेची भिंत सोडून बाकीचं काम आधी घेतलं, आणि ती कागदाला कोरडी लागल्यावरच धरली.

दुसरा प्रश्न थंडीचा. प्रत्येक इमल्शनला एक किमान तापमान असतं. त्याखाली कण कडकच राहतात, दबत नाहीत. पाणी उडून जातं आणि मागे भुकटीसारखा, भेगाळलेला थर उरतो. म्हणून बऱ्याच कंपन्या १० अंशांखाली रंग लावू नका म्हणतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीची पहाट साधारण १३-१४ अंशांवर असते, एखाद्या रात्री त्याहून खाली जाते, पण दिवस चांगला तापतो. दव सुकल्यावर दहाच्या सुमारास सुरू करून चारला हात थांबवला तर धोका फारसा उरत नाही. दिवस लहान म्हणून काम लांबतं, हे खरं.

तिसरी कटकट उसाची. गाळप सुरू झालं की शेतातलं पाचट पेटवतात आणि त्याची काळी राख वाऱ्यावर उडत येते. ताज्या फिल्मवर बसली की चिकटते. ज्यांच्या घराला लागून ऊस आहे त्यांनी तोडणी कधी आहे ते शेजाऱ्याला विचारूनच पेंटरला तारीख द्यावी.

एवढं सगळं धरूनही येळ्ळूरची भिंत मला उजवी वाटते. रंग सावकाश वाळला, कड ओली राहिली, जोड शोधूनही सापडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे पुढचा मोठा पाऊस यायला महिने होते. साखळ्यांना एकमेकींत गुंतायला तेवढा वेळ मिळाला. मृगात त्या विटकरी पट्ट्यावरून पाणी नुसतं घसरून गेलं. ओल्या फडक्याने जोर लावून घासलं तरी फडक्याला रंग लागत नाही. टिळकवाडीच्या भिंतीवर अजून थोडा लागतो.

तुमच्या गावाचा पाऊस बघून थोडं मागेपुढे करा. कणकुंबी-जांबोटीकडे भिंती उशिरा सुकतात, तिकडे डिसेंबर उजाडू द्या. निपाणी-चिकोडीकडे दिवाळीनंतर लगेच सुरू करायला हरकत नसावी. घरात मे महिन्याचं लग्न असेल तर प्रश्नच मिटतो, रंग काढावाच लागतो. तेव्हा आतली कामं आणि समोरचा व्हरांडा उरकून घ्या, बाहेर फिकट शेड धरा, दुसरा हात आणि वळवाचा मोसम यांत जमेल तेवढं अंतर ठेवा. विटकरीचा हट्ट असेल तर तो पट्टा कार्तिकासाठी राखून ठेवा. वरात येते त्या बाजूने तो दिसत नसेल तर कुणी विचारायचंही नाही.