सेकंदाखालची वेळ आणि ग्नूकोबॉल ३.२

व्याज आकारणीचा किंवा पगारपत्रकाचा प्रोग्राम नेमका कोठे रेंगाळतो, हे पाहायचे असेल तर सेकंदाच्या खालचे अंक लागतात. ते कोबॉल या प्रोग्रामिंग भाषेत कितपत नीट मिळतात, एवढ्याच अंगाने मी येथे ग्नूकोबॉल या मोफत कंपायलरच्या ३.२ या २०२३ मधील आवृत्तीविषयी लिहीत आहे. पूर्वी ओपनकोबॉल म्हणून ओळखला जाणारा हा कंपायलर कोबॉलचे रूपांतर सी भाषेत करतो आणि यंत्रावरील सी कंपायलरकडून त्याची चालवण्याजोगी फाइल तयार करून घेतो.

जुन्या प्रोग्राममध्ये हमखास आढळणारे 'अ‍ॅक्सेप्ट फ्रॉम टाइम' हे यंत्राची वेळ वाचणारे विधान येथे अपेक्षेप्रमाणे चालते. तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे शतांश असे आठ अंक हाती येतात. मात्र हे आठ अंक म्हणजे एक सलग संख्या नव्हे. १०५९५९५० या वेळेला सुरू झालेले काम ११००००१० ला संपले, तर सरळ वजाबाकीचे उत्तर ४०४०६० येते आणि प्रत्यक्षात गेलेला वेळ असतो ०.६० सेकंद. म्हणून तासाला ३,६०,०००, मिनिटाला ६,००० आणि सेकंदाला १०० ने गुणून सर्व शतांशांत आणावे, मग वजाबाकी करावी. उत्तर ऋण आले तर मध्यरात्र ओलांडली असे समजून त्यात ८६,४०,००० मिळवावेत. 'करंट-डेट' हे फंक्शन तारीख आणि वेळ एकाच वाचनात देत असल्याने मध्यरात्रीच्या सीमेवर तारीख एका दिवसाची आणि वेळ दुसऱ्या दिवसाची, असा घोळ होत नाही. त्याच्या २१ अक्षरांपैकी शेवटची पाच, आपल्याकडे +०५३०, जागतिक वेळेपासूनचे अंतर सांगतात. सेकंदाचा भाग मात्र येथेही शतांशापुढे जात नाही.

शतांश पुरत नाही तो खरा व्यवहाराच्या नोंदींना. आजचे यंत्र तेवढ्या वेळात कितीतरी रेकॉर्ड हातावेगळी करते, त्यामुळे इंडेक्स्ड फाइलची (कीवरून रेकॉर्ड शोधता येणाऱ्या फाइलची) प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डची वेगळी ओळख, केवळ या वेळेवरून बनवली असेल तर दुसरेच रेकॉर्ड लिहिताना फाइल स्टेटस २२, म्हणजे दुबार की, असे उत्तर मिळू शकते. डीबी२ या आयबीएमच्या डेटाबेसच्या २६ अक्षरी टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे तारीख-वेळेच्या नोंदीत, सेकंदाखाली सहा अंक असतात. 'करंट-डेट' वरून तो भरला की शेवटचे चार शून्यच राहतात.

या ठिकाणी ग्नूकोबॉलची बाजू भक्कम आहे. २०१४ च्या कोबॉल मानकातले 'फॉरमॅटेड-करंट-डेट' हे फंक्शन त्यात आहे आणि त्याला द्यायच्या तारीख-वेळेच्या साच्यात दशांशचिन्हापुढे सहा वेळा 'एस' लिहिले की लिनक्सवर मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ मिळते. साचा लांबलचक आहे, पण एकदा कॉपीबुकमध्ये, म्हणजे अनेक प्रोग्रामना वापरता येणाऱ्या सामाईक फाइलमध्ये, टाकला की पुन्हा टंकावा लागत नाही. तरीही अशा वेळेला की म्हणून एकटे सोडू नये. सोबत अनुक्रमांक ठेवावाच, कारण अंक वाढल्याने दुबारपणाची शक्यता घटते, नाहीशी होत नाही.

मला सर्वांत आवडलेली सोय तुलनेने दुर्लक्षित आहे. रनटाइमच्या, म्हणजे तयार प्रोग्राम चालवणाऱ्या भागाच्या, 'करंट_डेट' या सेटिंगमध्ये (वरच्या फंक्शनमध्ये नव्हे) हवी ती तारीख आणि वेळ देता येत असल्याने मध्यरात्रीची किंवा ३१ मार्चची चाचणी सर्व्हरचे घड्याळ न हलवता करता येते.

उणीव आहे ती मोजमापाच्या बाजूने. वरील सर्व मार्ग भिंतीवरच्या घड्याळाची वेळ देतात; वेळ जुळवणाऱ्या सेवेने मध्येच सर्व्हरचे घड्याळ मागे घेतले तर कामाचा कालावधी ऋणही येऊ शकतो. केवळ पुढेच जाणारे घड्याळ हवे असेल तर सी भाषेतील फंक्शनला कोबॉलमधून कॉल करावा लागतो. ग्नूकोबॉलमध्ये तो सहज करता येतो, पण तो कोड दुसऱ्या कंपायलरवर जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरता येत नाही. रात्रीच्या बॅचचा, म्हणजे एकगठ्ठा चालणाऱ्या कामांचा, वेळ नोंदवण्यापुरते काम असेल तर या खटाटोपाची गरज नाही, शतांश पुरेसे आहेत.