नव्वद दिवसांत जर्मन शिकवणारी पेटी

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. जीएनएम, म्हणजे परिचारिकेची पदविका, पूर्ण करून मला चार वर्षे झाली. वडील कास्तकार असून आमचे साडेचार एकर कोरडवाहू वावर आहे. घरबसल्या जर्मन शिकवण्याच्या नावाखाली माझे बेचाळीस हजार रुपये कसे गेले ते मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या सभागृहात मी पैसे भरले तेथे माझ्यासोबत साठ-सत्तर मुली बसल्या होत्या आणि तशाच सभा शेजारच्या तालुक्यांतही होत असल्याचे कानावर येत आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. परिचारिकांना तिकडे मागणी आहे, हे आमच्या वार्डातल्या प्रत्येकीला तेव्हा कळले. बातमी खरी होती, म्हणूनच तिच्या आडोशाने आलेली माणसेही खरी वाटली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, कापसाची वेचणी सुरू असताना, गावातल्या मंगल कार्यालयात मोफत मार्गदर्शनाची सभा झाली. नागपूरहून आल्याचे सांगणाऱ्या दोघांनी पडद्यावर विमानतळाची आणि रुग्णालयांची छायाचित्रे दाखवली आणि शेवटी टेबलावर एक पेटी ठेवली. पेटीत चार पुस्तके, एक पेन ड्राइव्ह आणि मोबाईलवरील ॲपचा क्रमांक होता. वर्गाला जायचे नाही, नोकरी सोडायची नाही, रोज एक तास पुरे आणि नव्वद दिवसांत बी-२ पातळीचे, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांपैकी चौथ्या पातळीचे, प्रमाणपत्र घरपोच मिळेल, असे त्यांनी सांगितले. मूळ किंमत पासष्ट हजार असली तरी त्या संध्याकाळपुरती ती बेचाळीस हजार होती. वडिलांनी पहिल्या वेचणीच्या पैशातून बारा हजार रोख दिले. उरलेले तीस हजार हप्त्यांनी द्या, असे म्हणून त्या दोघांनी माझे आधार व पॅन कार्ड घेतले आणि मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला. तो मी सांगितला. हप्ते त्यांच्या संस्थेलाच द्यायचे आहेत, असा माझा समज होता. प्रत्यक्षात एका वित्त कंपनीचे कर्ज माझ्या नावावर चढले होते आणि त्याची रक्कम त्या संस्थेच्या हातात गेली होती, त्यामुळे पुढे अभ्यासक्रम बंद पडला तरी हप्ता बंद पडणार नव्हता. मोबाईलवरून घेतलेल्या अशा कर्जातून ठरावीक मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचे व्याज परत करून बाहेर पडण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनांनी दिलेली होती, हे मला ती मुदत उलटल्यावर समजले.

पेटीतील पुस्तकांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण विकत घेण्यापूर्वी ती दहा मिनिटे जरी उघडून पाहता आली असती, तरी जाणकार माणसाने फसवणूक तेथेच ओळखली असती. सर्व उच्चार देवनागरीत छापले होते आणि त्यांतील बरेच चुकीचे होते. जर्मनमध्ये ‘झेड’ या अक्षराचा उच्चार ‘त्स’ असा होतो, त्यामुळे दहा म्हणजे ‘त्सेन’ आणि दोन म्हणजे ‘त्स्वाय’. पुस्तकात मात्र ‘झेन’ आणि ‘झ्वाय’ असे होते आणि मी दोन महिने तेच घोकले. ‘मी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या शेवटी जो घासून येणारा ध्वनी आहे तो आपल्या ‘ख’मध्येही नाही आणि ‘च’मध्येही नाही; तो ऐकूनच बसवावा लागतो. पेन ड्राइव्हमधील शब्दसंग्रह माणसाने बोललेला नसून यंत्राच्या आवाजात वाचलेला होता. संवाद तेवढे चांगले होते, आणि ते चांगले का होते हे नंतर कळले: डॉइचे वेले या जर्मनीच्या प्रसारण संस्थेने जे धडे सर्वांसाठी मोफत ठेवले आहेत, त्यांतूनच ते उचलले होते.

त्याहून मोठा दोष नामांच्या याद्यांत होता. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. आपण लहानपणापासून तो दगड, ती माती, ते झाड असे म्हणतच शब्द शिकतो. जर्मन नामही ‘डेर’, ‘दी’, ‘दास’ यांपैकी आपले उपपद, म्हणजे लिंग दाखवणारा आधीचा शब्द, घेऊनच पाठ करावे लागते, कारण पुढचे सगळे व्याकरण त्यावर उभे असते. या पुस्तकांतील सुमारे दोन हजार शब्दांना उपपदही नव्हते आणि अनेकवचनही नव्हते. मराठी माणसाला ही भाषा जवळची वाटावी अशा कितीतरी गोष्टी तिच्यात आहेत. आपण एकवीस म्हणताना जसा एक आधी आणि वीस नंतर घेतो, तसेच तेही घेतात, आणि गौण वाक्यात त्यांचे क्रियापद आपल्यासारखे शेवटी जाते. ज्यांनी ही पुस्तके मराठी मुलींसाठी म्हणून विकली, त्यांनी यातील एकही गोष्ट सांगितली नव्हती. मजकूर इंग्रजीतून जसाच्या तसा उतरवलेला होता आणि स्वाध्यायांची उत्तरे कुठेच नव्हती. एकटीने शिकणाऱ्या मुलीला उत्तरे दिली नाहीत, तर आपली चूक तिला कळणार कशी?

नव्वद दिवसांचा हिशेब मी तेव्हा केला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. जर्मनची अधिकृत परीक्षा घेणारी गोएथे इन्स्टिट्यूट, जी आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाते, बी-२ पर्यंत पोहोचण्यासाठी पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात असे सांगते. म्हणजे ४५० ते ६०० तास शिकणे. नव्वद दिवसांत ते बसवायचे तर रोज पाच ते पावणेसात तास होतात, आणि घरचा अभ्यास त्याशिवाय. माझी पाळी बारा तासांची असते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ॲपवर पन्नास प्रश्न आले, प्रत्येकाला चार पर्याय होते, आणि ते सोडवताच सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र टपालाने घरी आले. त्यावर बी-२ असे लिहिले होते. वडिलांनी ते देवघराजवळ ठेवले. माझ्यासोबत जीएनएम केलेली एक मैत्रीण पुण्यात रीतसर वर्गाला जाते. मी आनंदाने तिला फोन केला, तेव्हा तिने जर्मनमध्ये मला माझे काम आणि राहण्याचे ठिकाण विचारले. मला प्रश्नच समजला नाही. तिच्या सांगण्यावरून मी गोएथेच्या संकेतस्थळावरील ए-१ चा, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीचा, नमुना पेपर सोडवला. तेथे उत्तीर्ण होण्यास शंभरपैकी साठ गुण लागतात. ऐकण्याच्या भागात माझी अर्ध्याहून अधिक उत्तरे चुकली आणि बोलण्याचा भाग तपासायला माझ्याजवळ कोणीच नव्हते.

तेव्हा मैत्रिणीने जे समजावले ते मला आधी कोणी सांगायला हवे होते. ए-१ ते सी-२ या पातळ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीतल्या आहेत. त्या कोणत्याही एका दुकानाच्या मालकीच्या नाहीत, त्यामुळे कोणीही आपल्या कागदावर बी-२ छापू शकतो. मान मिळतो तो परीक्षेच्या प्रमाणपत्राला, म्हणजे गोएथे, टेल्क, ओएसडी यांसारख्या परीक्षांच्या, ज्यांत वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि परीक्षकासमोर बोलणे तपासले जाते. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यतेसाठी सर्वसाधारणपणे बी-२ मागतात, पण ते अशा परीक्षेचे. शिकवणाऱ्यानेच स्वतः दिलेला कागद तेथे उपयोगाचा नाही.

घरी बसून भाषा शिकताच येत नाही, असे माझे म्हणणे नाही. खेड्यात राहून नोकरी करणाऱ्या मुलीला दुसरा मार्ग बहुतेक वेळा नसतोच. मात्र अभ्यासक्रम निवडताना विक्रेत्याला आधी हे विचारावे की तो कोणत्या मान्य परीक्षेची तयारी करून घेतो, आणि पैसे देण्यापूर्वी मधला एखादा धडा ध्वनीसह दाखवायला लावावा. पहिला धडा सगळेच सुंदर करतात. मी लिहिलेला परिच्छेद कोण तपासणार आणि माझे बोलणे आठवड्यातून किती वेळ कोण ऐकणार, याचे उत्तर माणसाच्या रूपात मिळाले पाहिजे. ते मिळत नसेल तर पैसे देण्याचे कारण उरत नाही, कारण डॉइचे वेलेचे ए-१ ते बी-१ पर्यंतचे धडे स्वाध्याय व उत्तरांसह मोफत आहेत. मी आता तेच करते आणि रविवारी दुपारी मैत्रीण फोनवर माझ्याकडून अर्धा तास बोलून घेते.

मी प्रमाणपत्र खोटे निघाल्याचे सांगितले तेव्हा वडील एवढेच म्हणाले, “पैसा गेला तं गेला बाई, पण तू शिकनं काहून सोडतं?” त्यांच्या या बोलण्यानेच मी तक्रारीला उठले. संस्थेचे दोन्ही फोन बंद होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आणि ओटीपी घेऊन कर्ज काढल्याबद्दल सायबर फसवणुकीच्या १९३० वरही कळवले. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. हप्ते मात्र मी भरत आहे; ते थांबवले तर माझ्या नावाची पत बिघडेल, असे बँकेतील ओळखीच्या साहेबांनी सांगितले.

त्या दिवशी मंगल कार्यालयात बसलेल्या ज्या मुलींकडे पावती, पेटीवरील जाहिरात, कर्जाचा संदेश किंवा त्या माणसांशी झालेले बोलणे मोबाईलमध्ये शिल्लक असेल, त्यांनी ते पुसू नये. एकाच कारणाने फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आजपर्यंत आम्ही सात जणी झालो आहोत.