पॅशन फ्रूटची रोपं घेताय? थांबा, हे वाचा

६०० रोपांचे ८४,००० आणि ‘करार नोंदणी’चे ११,०००, सगळे फोनपेवर. मांडवाची डागडुजी, शेणखत, मजुरी मिळून वर ३८,५००. एकूण १,३३,५०० रुपये बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या रानात गाडले आणि वेलीवर विकण्याजोगं एक फळ नाही.

आता लोक विचारतात, शिकलासवरलेला असून फसलास कसा? अरे, द्राक्षबाग काढल्यावर तारांचा मांडव रिकामा उभा होता, ठिबक होतं, कागदावर ८० रुपये किलोनं खरेदीची हमी होती. ‘द्राक्ष जगवता तुम्ही, ही तर रानवेल!’ म्हणाला तो रोपं विकणारा. तुम्ही काय केलं असतं? आणि हो, पैसे कंपनीच्या नव्हे, कुणाच्या तरी खासगी नावावर मागितले की तिथंच उठा.

त्यानं दाखवलेला व्हिडिओ अजून डोळ्यांपुढून जात नाही. जांभळी फळं लगडलेली, मागं धुकं, तोडणी करणारा माणूस स्वेटरात. बायको म्हणालीसुद्धा, ‘अहो, स्वेटर घातलाय की त्यानं!’ मी म्हटलं, सकाळची वेळ असंल. अथणीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, कसला स्वेटर! जांभळी जात कोडगू-निलगिरीसारख्या थंड उंचावरची. उष्ण भागात त्यातल्या त्यात पिवळी तग धरते. आम्हाला दिली पिवळीच, पण सगळी एकाच वेलीची कलमं. पिवळीला स्वतःचा पराग चालत नाही, वेगळ्या बियांपासून वाढलेले वेल शेजारी लागतात, वर भुंगे लागतात. फुलं दुपारी उमलायची, संध्याकाळी मिटायची, गळून पडायची. पावतीवर जात आणि रोप बियांचं की कलमाचं, लिहून घ्या. माझ्या पावतीवर नुसतं ‘फळझाडे’.

करारावर पत्ता कोल्हापूरचा, जमीन कर्नाटकात. इथलं ठाणं म्हणतं तिकडं जा, तिकडचं म्हणतं हद्द आमची नाही. मराठीत अर्ज दिला तर कन्नडात आणा. कन्नडात नेला तर साहेब बंदोबस्ताला. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, गल्लोगल्ली पोलीस उभे करता येतात, माझा अर्ज घ्यायला एक सापडत नाही! फलोत्पादन खात्यातला विचारतो, ‘रोपं आमच्याकडून घेतली होती का?’ घेतली असती तर रडत आलो असतो का? हद्दीचं कारण सांगितलं तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, त्याच ठाण्यात फिर्याद नोंदवून घ्या म्हणा; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तोंडावर वाचून दाखवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मी तिथं अर्ज टाकलाय.

तोच गडी आता रायबागकडं ड्रॅगन फ्रूटचे करार घेऊन फिरतोय म्हणे. ‘नोंदणी’चे ११,००० मागितले तर ओळखा.