जोडीची मैत्री की संघाची? बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या नागपूरकर घरांसाठी

विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटते. पुढे कर्मशाळेत जागा मिळाली तर दुपारपर्यंतचा वेळ लागतो, नाही मिळाली तर घर, टीव्ही आणि गॅलरी. आई-बाबा असतात, भावंडं असतात, येता-जाता विचारपूस करणाऱ्या शेजारच्या काकू असतात. पण ज्याच्यासोबत बर्डीला चक्कर मारावी, तर्री पोहे खावे, असा बरोबरीचा मित्र नसतो. माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे आणि तो आता तिशीत आहे. त्याच्यासाठी सोबत शोधताना जे पर्याय पाहिले आणि इतर पालकांकडून जे ऐकलं, ते इथे एकमेकांशेजारी ठेवते.

स्वयंसेवकांच्या मदतीने मैत्री जोडण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत आणि दोन्ही एकाच घरातून आल्या. युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोजमेरी बौद्धिक दिव्यांग होती. युनिस यांनी १९६८ मध्ये शिकागोत स्पेशल ऑलिम्पिक्सची, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांच्या खेळांची, पहिली स्पर्धा भरवली. त्यांचा मुलगा अँथनी यांनी १९८९ मध्ये बेस्ट बडीज सुरू केलं. आईने मैदान दिलं, मुलाने जोडी दिली.

बेस्ट बडीजची कल्पना सोपी आहे. एक दिव्यांग व्यक्ती आणि एक स्वयंसेवक यांची जोडी लावायची, आणि दोघांनी किमान वर्षभर नियमाने भेटायचं, बोलायचं. शिकवणं नाही, थेरपी नाही. सिनेमा, चहा, मेट्रोने खापरीपर्यंत जाऊन परत येणं, एवढंच. संस्थेची शाखा असो वा नसो, पालक संघटना आणि एखादं कॉलेज मिळून याच धर्तीवर उपक्रम चालवू शकतात. या पद्धतीतून जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. रविवारी फोन वाजतो आणि तो माझ्या भावासाठी असतो. तो मला हातानेच थांबवतो, फोन घेऊन आतल्या खोलीत जातो आणि दार लोटून घेतो. घरातल्या कुणालाही न सांगण्याची एखादी गोष्ट असणं हे मोठ्या माणसाचं सुख त्याला तोवर मिळालंच नव्हतं.

पण जोडी तुटते, आणि आपल्या शहरात जरा जास्तच तुटते. कॉलेजचा मुलगा पदवी झाली की पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला निघतो. दोष त्याचा नाही. भावाचा पहिला जोडीदार गेला तेव्हा निरोप नीट झाला नव्हता. रविवारी चार वाजले की भाऊ बूट घालून फाटकाशी उभा राहायचा, आणि हे बरेच आठवडे चाललं. त्यामुळे जोडी लावणाऱ्या कुणालाही माझा पहिला प्रश्न हाच असतो: स्वयंसेवक शहर सोडून गेला तर तुम्ही काय करता? निरोपाची भेट, पुढे व्हिडिओ कॉल, नवीन जोडीदाराची ओळख जुन्याच्या हातून, असं ठोस उत्तर मिळालं तरच पुढे जावं. विशीतल्यापेक्षा इथे घर करून राहिलेला चाळिशीचा दुकानदार, शिक्षिका किंवा निवृत्त बँक कर्मचारी मला जास्त भरवशाचा वाटतो.

मैदानाची पद्धत म्हणजे स्पेशल ऑलिम्पिक्सचं युनिफाइड स्पोर्ट्स. दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात, साधारण सारख्या संख्येने. फुटबॉलच्या पाच जणांच्या संघात तीन दिव्यांग खेळाडू आणि दोन साथीदार, तर बोची या चेंडू टाकण्याच्या खेळाच्या दुहेरीत एक आणि एक. भारतात हे काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत करतं. २०२३ च्या बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारताने २०२ पदकं मिळवली, तीही याच संस्थेमार्फत. प्रवेश बहुतेकदा विशेष शाळेच्या क्रीडा शिक्षकांमार्फत होतो, आणि वयाची वरची मर्यादा नाही. डाउन सिंड्रोम असेल तर मैदानावर उतरण्याआधी मानेच्या वरच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काहींचा तिथला सांधा सैल असतो.

इथे मोठा फायदा असा की एक साथीदार गेला तरी संघ राहतो. बोलणं स्पष्ट नसलं तरी अडत नाही. बोचीत पांढऱ्या छोट्या चेंडूजवळ आपला चेंडू नेऊन ठेवला की टाळी मिळते, शब्द लागत नाहीत. उणीव ही की बरेचदा ओळख मैदानाच्या फाटकापाशीच संपते. साथीदार हात हलवून बाइकवर निघून जातो. ज्याला गर्दी आणि शिट्टीचा आवाज सोसत नाही, त्याला तर हे सुरुवातीला जडच जाईल.

कॉलेजच्या एनएसएसबद्दल, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल, थोडक्यात. विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास भरायचे असतात. कार्यक्रम छान होतात, फोटो होतात, तास भरले की मुलं दिसेनाशी होतात. त्याला मैत्रीचा उपक्रम समजू नका. मातृ सेवा संघ किंवा तिरपुडेसारख्या समाजकार्य महाविद्यालयांतल्या मुलांचं क्षेत्रकार्य मात्र वेगळं. त्यांच्यावर पर्यवेक्षक असतो आणि ती ठरल्या दिवशी येतात. शिवाय दिव्यांग आणि इतर माणसांनी एकाच घरात एकत्र राहण्याची, लार्श या संस्थेची पद्धत आहे. तिचं भारतातलं पहिलं घर, आशा निकेतन, १९७० मध्ये बंगळुरूला सुरू झालं. आपल्या मुलाला इतकं दूर ठेवायची तयारी किती घरांची असते?

माझं मत विचाराल तर आधी मैदान, मग जोडी. सहा-आठ महिने संघात खेळू द्या. कुणाशी सूर जुळतो, कुणाला पाहून चेहरा खुलतो, हे आपोआप कळतं. जोडी त्यातूनच लावा, आणि निवड तुमच्या मुलाची किंवा मुलीची असू द्या. ज्यांच्या घरी बोलकं, शांत, खेळात अजिबात रस नसलेलं माणूस आहे, त्यांनी सरळ जोडीपासून सुरुवात केली तरी चालेल.

सुरक्षेबाबत मात्र कुठेच भिडेला पडू नका. लार्शचे संस्थापक जाँ व्हानिए यांनी अनेक महिलांचं शोषण केल्याचं त्याच संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीत २०२० मध्ये उघड झालं. नाव मोठं असणं ही हमी नाही. पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागा. पहिल्या काही भेटी घरी किंवा चारचौघांत ठेवा. नको असलेला स्पर्श कसा नाकारायचा, हे आपल्या माणसाला आधी शिकवा. एटीएम कार्ड आणि सह्या मित्राच्या हाती नकोत. अठरानंतरचं कायदेशीर पालकत्व राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ठरवते. मित्राला त्यात ओढू नये.

आणि एप्रिल-मेत सुरुवात नको. पारा ४५ ला टेकलेला असतो, कॉलेजं परीक्षेत अडकलेली असतात. जुलैत शाळेच्या क्रीडा शिक्षकांना गाठा. पोळ्यापर्यंत नावं आणि चेहरे ओळखीचे झालेले असतात, तेव्हा तान्ह्या पोळ्याला त्या नव्या साथीदाराला घरी जेवायलाच बोलवा.